छोट्या, आवाजी स्पोर्टी गाडीत साउंड सिस्टीम: काम कुठल्या क्रमानं करायचं आणि लोक कुठं चुकतात

संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, कुठंही बघा. पोलो जीटी, आय-ट्वेंटी एन लाइन, बलेनो आरएस, अबार्थ पुंटो असली गाडी घेतलेला माणूस साउंडच्या दुकानात गेला की पहिलं काय बसवून येतो तर डिक्कीत बारा इंची वूफर. मग उभ्या गाडीत छातीत धडधड होते, सगळे खुश होतात, आणि समृद्धीला लागून काटा शंभरवर गेला की गाणं गायब, नुसतं घूं घूं ऐकू येतं. मग अजून मोठा ॲम्प (ॲम्प्लिफायर), मग अजून मोठा वूफर, पैसे जातच राहतात आणि गाणं काही सापडत नाही.

क्रम उलटा झालाय, आधी कळस मग पाया. रोडचा, टायरचा, सायलेन्सरचा आवाज बहुतेक सगळा खालच्या पट्टीत असतो, साधारण ५०० हर्ट्झच्या खाली. आणि गाण्यातला जो भाग तो गिळतो तो ८० ते ३०० हर्ट्झचा, म्हणजे ढोलकीची थाप, डग्ग्याचा भरदारपणा, गाणाऱ्याच्या गळ्यातलं वजन. हा भाग वूफर देत नाही, दारातले स्पीकर देतात. उलट अगदी खालचा बास, ६०-७० हर्ट्झच्या खालचा, तो छोटी केबिन स्वतःच उचलून देते, त्याच्यासाठी एवढ्या मोठ्या वूफरची गरजच नसते.

अजून एक हिशोब डोक्यात पक्का बसवा. आवाज ३ डेसिबल वाढवायला ॲम्पची पॉवर दुप्पट लागते, १० डेसिबल वाढवायला दहापट. म्हणजे केबिनमधला गोंगाट नुसता ३ डेसिबल कमी झाला तरी ५० वॅटचा ॲम्प १०० वॅटच्या ॲम्पाचं काम करतो. म्हणून आधी गोंगाट, मग दार, मग पॉवर, मग सब (अगदी खालच्या बासचा वूफर), सगळ्यात शेवटी ट्युनिंग. खाली ह्याच क्रमानं लिहिलंय, मधला टप्पा वगळून पुढं जाऊ नका.

टप्पा १: काही विकत घ्यायच्या आधी गाडी ऐका आणि मोजा

फोनमध्ये आवाज मोजायचं फुकटचं ॲप टाका. फोनचा माइक काही लॅबमधला नसतो त्यामुळं आकडा अगदी बरोबर येणार नाही, पण आधीचं आणि नंतरचं ताडून बघायला तोच फोन आणि तीच जागा ठेवली की बास. शेजारी बसलेल्या माणसानं फोन ड्रायव्हरच्या कानाच्या उंचीला धरायचा, चालवणाऱ्यानं नाही. काचा बंद, एसीचा पंखा एकवर, स्टीरिओ बंद. तीन रोडवर मोजा: एक सिमेंटचा म्हणजे समृद्धी आहेच, एक गुळगुळीत डांबरी, एक खडी उघडी पडलेला तालुक्याचा रोड. ६०, ८०, आणि जिथं परवानगी आहे तिथं १०० च्या स्पीडला. आकडे वहीत लिहून ठेवा, पुढं लागणार आहेत.

मग सायलेन्सरची घूं बघा. बहुतेक गाड्यांत एका ठराविक आरपीएमला केबिन घुमते. तो आरपीएम लिहून घ्या आणि त्याचे हर्ट्झ काढा: चार सिलिंडरची गाडी असेल तर आरपीएमला ३० नं भागा, तीन सिलिंडरची असेल तर ४० नं. म्हणजे २४०० आरपीएमला घुमत असेल तर चार सिलिंडरमध्ये ८० हर्ट्झ, तीनमध्ये ६०. हा आकडा ट्युनिंगच्या वेळी लई कामाला येतो, कामून ते तिथं गेल्यावर कळेलच.

तपासा: वहीत तीन रोड, तीन स्पीड आणि घुमण्याचा आरपीएम, एवढं लिहिलेलं आहे का? नसेल तर पुढं जाऊ नका.

टप्पा २: आवाज जिथून निघतो तिथंच कमी करा

ह्याला फार पैसे लागत नाहीत, तरी बहुतेक लोक हा टप्पा सरळ सोडून देतात.

टायरवर हात फिरवा. एका बाजूनं हात गेला की गुळगुळीत आणि उलटा आणला की करवतीवाणी टोचतंय, तर टायर वाकडा झिजलाय आणि निम्मा गोंगाट तिथून येतोय. अलाइनमेंट करा, टायरच्या जागा बदला, फारच झिजला असेल तर साउंडचे पैसे आधी टायरला घाला, मनावर दगड ठेवून घाला. हवा कंपनीनं दाराच्या खांबावर लिहिलीय तेवढीच, थंड टायरला. वळणावर गाडी एका बाजूला झुकली की ऊं ऊं वाढतंय आणि दुसऱ्या बाजूला झुकली की कमी होतंय, तर व्हील बेअरिंग गेलंय. त्याच्यावर शीट (पत्र्याचं थरथरणं थांबवायला चिकटवतात ती) लावून काही होत नाही.

दाराचं रबर बघा. कागदाची पट्टी दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथून वारा शिट्टी मारणारच. आपल्याकडं उन्हानं रबर लवकर कडक पडतं, चार-पाच वर्षांची गाडी असेल तर हे बघाच.

सायलेन्सर बाहेरचा बसवला असेल आणि तो केबिनमध्ये घुमत असेल, तर आधी त्याचे रबर हँगर आणि जोड तपासा, मग मधला रेझोनेटर (घूं कमी करणारा डबा) काढून टाकलाय का ते बघा. काढलेला असेल तर परत बसवा. हा आवाज इतका खालचा असतो की शीटनं जवळजवळ हटत नाही.

सावधान: आवाजाची मर्यादा मोडणाऱ्या सायलेन्सरवर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० च्या पोटकलम २ प्रमाणे १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं ते वेगळंच.

टप्पा ३: खरेदी, आणि पैसा कुठं घालायचा

बजेट कितीही असो, मोठा वाटा पुढच्या दोन दारांवर जाऊ द्या, म्हणजे शीट, स्पीकर बसवायची रिंग आणि एक चांगला कंपोनंट सेट (दारातला मोठा स्पीकर आणि बारीक आवाजाचा छोटा ट्विटर वेगवेगळे असतात तो). त्यानंतर ॲम्प, डीएसपी (आवाजाचं ट्युनिंग करणारा प्रोसेसर) आणि वायर. सबला जे उरेल ते. मागच्या दारातले स्पीकर आहेत ते राहू द्या, पुढं बसणाऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही.

खोक्यावर १००० वॅट, १५०० वॅट लिहिलेलं वाचू नका, आरएमएस, म्हणजे सलग चालणारी खरी पॉवर, शोधा. आरएमएस लिहिलेलाच नसेल तर तो माल घेऊ नका. दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये स्पीकर किती मोठ्यानं वाजतो त्याचा. एक स्पीकर ८७ डेसिबलचा आणि दुसरा ९० चा असेल तर ९० वाला निम्म्या पॉवरमध्ये तेवढाच वाजतो, आणि आवाजी गाडीत हा फरक सोन्यासारखा आहे. तिसरं, दाराचं पॅड (आतलं प्लास्टिकचं कव्हर) काढून खोली मोजल्याशिवाय स्पीकर घेऊ नका. काच पूर्ण खाली करून, काचेच्या आणि स्पीकरच्या जागेच्या मध्ये किती सेंटिमीटर उरतात ते बघा आणि स्पीकरच्या मागच्या मॅग्नेटची खोली त्याच्यापेक्षा कमी पाहिजे.

शीट घेताना ब्युटाईल रबराचीच घ्या, २ मिलिमीटर जाड, वर ॲल्युमिनियमचा थर. डांबराची स्वस्त शीट मिळते, ती आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात मऊ होते, वास मारते आणि दाराच्या आत घसरत खाली येते, मग निचऱ्याची भोकं बंद. एका चौरस मीटरला ब्युटाईलचं वजन साधारण ३ किलो भरतं. गाडी हलकी आहे म्हणून तर पळते, तिच्यात उगं चाळीस किलो शीट कोंबायची नाही.

आय-ट्वेंटी एन लाइनच्या वरच्या मॉडेलला बोसचे सात स्पीकर कंपनीतूनच येतात. असं ब्रँडेड सेटअप असलं की तिथं स्पीकर कमी ओहमचे असू शकतात आणि मध्ये कंपनीचा वेगळा ॲम्प असतो. नुसते स्पीकर बदलले तर आवाज आधीपेक्षा वाईट येतो. अशा गाडीत टप्पा ४ करा, महिनाभर ऐका, आणि तरीही हवं असेल तरच पुढं जा. बऱ्याच जणांना पुढं जायची गरज पडत नाही.

टप्पा ४: दार, खरं काम इथं आहे

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, एअरबॅगच्या सर्किटमधला चार्ज उतरू द्या. पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे असतात. सीट काढायची वेळ आली आणि खालचा कपलर सुटा केला, तर तो परत जोडेपर्यंत इग्निशन चालू करू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि स्कॅनर लावल्याशिवाय विझत नाही.

काम सकाळी सावलीत करा. दुपारी उन्हात उभ्या गाडीचा पत्रा एवढा तापतो की ब्युटाईल हाताला चिकटतं, सरळ बसत नाही आणि एकदा चिकटलं की उचलता येत नाही. आणि अंगणात फुफाटा उडत असेल तर पाणी मारून घ्या, पत्र्यावर धुळीचा थर बसला की शीट चिकटते धुळीला, पत्र्याला नाही. डिसेंबरच्या थंडीत उलटं, तिथं हीट गन हलकीशी फिरवावी लागते.

पॅड काढलं की आत पातळ प्लास्टिकचा पडदा दिसेल. तो फाडून टाकणं ही सगळ्यात मोठी चूक आणि दुकानदारसुद्धा करतात. काचेवरून दारात उतरणारं पावसाचं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून तो असतो. अलगद सोडवा, गोंद पसरू देऊ नका.

मग दाराच्या पोकळीतून दिसणारा बाहेरचा पत्रा, म्हणजे रोडकडचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोनदा पुसा, पहिल्या फडक्याला जी काळी माती निघते ती बघून दुसऱ्यांदा पुसायला सांगावं लागत नाही. ह्या पत्र्याला संपूर्ण झाकायचं नाही. मधल्या मोठ्या मोकळ्या भागावर, एकूण पत्र्याच्या पाव ते निम्म्या भागावर शीट बसली की पत्र्याचं थरथरणं थांबतं, त्याच्या पुढं शीट वाढवून फायदा फार कमी मिळतो आणि वजन तेवढं वाढतं. लोखंडी रोलरनं दाबा, ॲल्युमिनियमवरची नक्षी दबून सपाट झाली पाहिजे. नुसतं हातानं थोपटलेली शीट पहिल्याच उन्हाळ्यात सुटते.

स्पीकरच्या बरोबर मागं, बाहेरच्या पत्र्यावर, एक जास्तीचा तुकडा लावा.

आता आतला पत्रा, ज्याच्यावर स्पीकर बसतो. इथं मोठमोठी भोकं असतात आणि इथंच घोडं पेंड खातं. स्पीकरचा पडदा पुढं जातो तेव्हा मागं उलटा दाब तयार होतो. तो ह्या भोकांतून पुढं आला की दोन्ही एकमेकांना मारतात आणि मिडबास, म्हणजे तोच ढोलकीच्या थापेचा भाग, गायब. ही भोकं बंद केल्याशिवाय पन्नास हजारांचा स्पीकर पण पाच हजारांवाणी वाजतो. मोठ्या भोकावर आधी पातळ ॲल्युमिनियमचा किंवा एबीएस प्लास्टिकचा तुकडा स्क्रूनं बसवा, मग वरून ब्युटाईल. काचेच्या मोटरपर्यंत पोचायची वाट मात्र स्क्रूनं उघडता येईल अशी ठेवा. भोकं अशी पक्की बंद झाली तर प्लास्टिकच्या पडद्याचं काम ही शीटच करते, नाहीतर पडदा ब्युटाईलच्या दोरीनं परत चिकटवायचाच.

पॅडच्या मागच्या बाजूला ६ मिलिमीटरचा क्लोज्ड-सेल फोम लावा, म्हणजे प्लास्टिक पत्र्यावर आपटत नाही. ओपन-सेल स्पंज घेऊ नका, तो पाणी धरून ठेवतो आणि दाराला गंज चढतो.

सावधान: दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं मोकळी आहेत ना, बोटानं चाचपून बघा. शीट, गोंद, फोम, काहीच तिथं नको.

तपासा: पॅड लावायच्या आधी बॅटरी जोडा, काच चार-पाच वेळा वर-खाली करा, लॉक चालवा, आतलं-बाहेरचं हँडल ओढा. मग अर्धी बाटली पाणी काचेच्या रबरावर ओता. ते दाराच्या खालून बाहेर पडलं पाहिजे, केबिनमध्ये एक थेंब नको.

हॅचबॅकमध्ये दारानंतर नंबर लागतो मागच्या चाकांवरच्या कमानींचा आणि डिक्कीच्या तळाचा, कारण मागं बंद डिक्की नसते, सगळा टायरचा आवाज सरळ आत येतो. इथं ब्युटाईलचे तुकडे, वर फोम, आणि शक्य असेल तर त्याच्यावर मास लोडेड व्हिनाइल. शीट फक्त पत्र्याचं थरथरणं थांबवते, हवेतून येणारा आवाज अडवत नाही. तो अडवायला वजनदार आणि अखंड पडदा लागतो, म्हणजे हे व्हिनाइल, साधारण ५ किलो चौरस मीटरला. जोड उघडे राहिले तर अर्धा फायदा गेला. छतावर आणि बॉनेटखाली शीट लावायचं वेड आहे सध्या, त्या पैशात डिक्कीचं काम नीट होतं.

तपासा: टप्पा १ चे तिन्ही रोड परत फिरा, आकडे वहीत शेजारी लिहा.

टप्पा ५: स्पीकर बसवणं

रिंग एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या फळीची) नको. पहिल्या पावसाळ्यात फुगते. एबीएस, एचडीपीई किंवा ॲल्युमिनियमची घ्या. रिंग आणि पत्र्याच्या मध्ये फोमची पट्टी, रिंग आणि स्पीकरच्या मध्ये पण. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, एकच बाजू आधी कसली तर फ्रेम वाकडी होते आणि पडदा घासतो. आणि स्पीकरपासून पॅडच्या जाळीपर्यंत फोमची गोल पट्टी लावा, म्हणजे आवाज पॅडच्या आत न फिरता केबिनमध्ये येतो.

वायर कापू नका. गाडीच्या कपलरला जुळणारा अडॅप्टर मिळतो, तो लावा, वॉरंटीचा वाद होत नाही आणि गाडी विकताना सगळं काढून घेता येतं.

ट्विटर आरशाजवळच्या तिकोनी प्लास्टिकमध्ये. समोरच्या खांबाच्या कव्हरवर बसवायचा मोह होतो, पण पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत त्या कव्हरच्या मागून एअरबॅग उघडते आणि ट्विटर गोळीसारखा सुटू शकतो. तिथं अजिबात नाही.

तपासा: दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर लावा. प्लसला प्लस लावल्यावर पडदा बाहेर आला पाहिजे, दोन्ही दारांत सारखाच. एक आत आणि एक बाहेर गेला तर बास एकमेकांना कापणार, मग कितीही ट्युनिंग करा. ट्विटरवर ही चाचणी करू नका, त्याच्या तारा डोळ्यानं बघून जुळवा.

टप्पा ६: पॉवरची वायर, फ्यूज आणि अर्थिंग

ह्या टप्प्यातल्या चुकीनं गाडी जळते, म्हणून सावकाश.

आधी करंट काढा. समजा पुढचे चार चॅनेल ७५ वॅट आरएमएसचे आणि सबला २५० वॅट, एकूण ५५० वॅट. क्लास डी ॲम्पची कार्यक्षमता साधारण ८० टक्के धरली तर बॅटरीकडून ६९० वॅटच्या आसपास लागतील, १३.८ व्होल्टनं भागा, ५० अँपिअर. पाच मीटर लांब तारेवर ५० अँपिअर असताना ८ गेजच्या शुद्ध तांब्याच्या तारेत अर्धा व्होल्ट पडतो, ४ गेजच्या तारेत ०.२ व्होल्ट. म्हणून ४ गेज, गेजचा आकडा जेवढा कमी तेवढी तार जाड.

तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्रास विकली जाते. एक बारीक तार काढून ब्लेडनं खरवडा, आत चंदेरी दिसली तर ॲल्युमिनियम. ती वीज तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वाहून नेते. घ्यायचीच असेल तर एक साइज जाड घ्या.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. ॲम्पजवळ नाही, बॅटरीजवळ. तो ॲम्प वाचवायला नसतो, तार वाचवायला असतो. तार मध्ये कुठं पत्र्याला घासून शॉर्ट झाली आणि फ्यूज पलीकडं असला तर पूर्ण तार लाल होईपर्यंत काहीच तुटत नाही. वरच्या उदाहरणाला ६० ते ८० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकायचा नाही, का उडतोय ते शोधायचं.

इंजिनकडून केबिनमध्ये तार नेताना रबरी ग्रोमेटमधूनच, उघड्या पत्र्याच्या भोकातून कधीच नाही. पॉवरची तार गाडीच्या एका बाजूनं आणि आरसीए (ॲम्पला सिग्नल नेणाऱ्या), स्पीकरच्या तारा दुसऱ्या बाजूनं न्या. एकत्र बांधल्या की ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी कुईं स्पीकरमधून ऐकू येण्याची शक्यता वाढते.

अर्थिंग: ॲम्पपासून अर्ध्या मीटरच्या आत, बॉडीच्या जाड पत्र्यावर, रंग पूर्ण खरवडून, दातेरी वॉशर लावून, पॉवरच्याच जाडीच्या तारेनं. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका, तो माणसाचा जीव धरून ठेवायला आहे. खरवडलेल्या जागी बोल्ट कसल्यावर वरून रंग किंवा ग्रीस. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असतो, तिथं थेट बॅटरीच्या पोस्टवर अर्थ जोडला तर त्याचा हिशोब चुकतो. बॉडीवरच जोडा.

तपासा: इंजिन चालू, गाणं मोठ्यानं, मल्टीमीटरनं आधी बॅटरीवर आणि मग ॲम्पच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. जास्त असेल तर दहातले नऊ वेळा अर्थिंग ढिलं असतं.

ॲम्प सीटखाली किंवा डिक्कीच्या बाजूला, चारी बाजूंनी हवा मिळेल असा. कार्पेटखाली गाडून टाकला तर मे महिन्यात दहा मिनिटांत तो स्वतःला बंद करतो. आणि सीट पूर्ण मागं-पुढं सरकवून बघा, रेलमध्ये तार अडकत नाही ना.

टप्पा ७: कंपनीच्या स्क्रीनमधून सिग्नल घेणं

आजकालच्या गाडीत स्क्रीन बदलायची नाही. कॅमेरा, स्टिअरिंगची बटणं, गाडीच्या सेटिंग्ज सगळं तिच्यात आहे. स्पीकरच्या तारांतूनच सिग्नल घेणारा हाय-लेव्हल इनपुटचा डीएसपी किंवा ॲम्प लावा.

एक गोष्ट बहुतेक कुणी तपासत नाही. कंपनीची स्क्रीन व्हॉल्यूम वाढवला की आपले छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून बास गुपचूप कमी करत जाते. ते असं पकडा: स्पीकर सोडवा, ५० हर्ट्झचा टोन लावा, स्पीकरच्या तारांवर एसी व्होल्टेज मोजत व्हॉल्यूम एकेक पायरी वाढवा आणि लिहा. मग तेच १००० हर्ट्झवर. १००० चा आकडा चढत राहिला आणि ५० चा मध्येच थांबला, तर कापाकापी तिथून सुरू. एक तर त्या पायरीच्या वर जाऊ नका, नाहीतर हे भरून काढणारा डीएसपी घ्या.

टप्पा ८: सब, आता

इथपर्यंत आलात तर आधी सबशिवाय एक आठवडा गाडी चालवा. मग कळतं किती बास कमी पडतोय, आणि तो वाटला होता त्यापेक्षा कमीच पडतो. सीटखालचा आठ इंची ॲक्टिव्ह सब किंवा डिक्कीत दहा इंचीचा बंद खोका, एवढं पुरे. भोकाचा खोका एकाच सुरावर मोठ्यानं घुमतो, आणि तो सूर तुमच्या सायलेन्सरच्या घुमण्याजवळ आला तर डोकं दुखतं.

स्टेपनी काढून तिथं सब बसवायला लोक सांगतात. ऊसाच्या ट्रॉल्यांनी खचलेल्या रोडवर रात्री टायर फुटला की स्टेपनीच लागते, म्हणून ती जागा सोडून द्या. खोका पट्ट्यानं किंवा बोल्टनं बांधा. मोकळा दहा-पंधरा किलोचा खोका करकचून ब्रेक लागल्यावर मागच्या सीटवरच्या पोरांच्या पाठीवर येतो.

टप्पा ९: गेन, क्रॉसओव्हर, वेळ

गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही, तो स्क्रीनचा आणि ॲम्पचा मेळ बसवायला असतो. फिरवून फिरवून कानानं लावायचा नाही.

सगळे इक्वलायझर सपाट, स्क्रीनचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर किंवा टप्पा ७ मध्ये सापडलेल्या पायरीवर, जे कमी असेल तिथं. ॲम्पवरून स्पीकर सोडवा. पुढच्या चॅनेलला १००० हर्ट्झचा टोन, सबला ५० चा. ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा. किती पाहिजे ते असं काढा: आरएमएस वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ७५ वॅट, ४ ओहम म्हणजे १७.३ व्होल्ट. २५० वॅट, ४ ओहम म्हणजे ३१.६. गेन शून्यापासून हळूहळू तिथपर्यंत आणा आणि थांबा. वॅट धरताना ॲम्पचे आणि स्पीकरचे आरएमएस बघून जे कमी ते धरा.

सावधान: सब २ ओहमचा आणि ॲम्प ४ ओहमपर्यंतच चालणारा असेल तर तो तापून बंद पडतो किंवा जळतो. जोडायच्या आधी दोघांच्या मागचा आकडा वाचा.

क्रॉसओव्हर, म्हणजे कुठल्या स्पीकरला कुठली पट्टी द्यायची ती वाटणी: पुढच्या स्पीकरला ८० हर्ट्झच्या खालचं कापा, सबला ८० च्या वरचं, दोन्हीकडं २४ डेसिबलचा उतार. इथून सुरुवात करा. आता वहीतला घुमण्याचा आकडा काढा. तो ८० च्या आसपास असेल तर तिथं इक्वलायझर वाढवायचा मोह टाळा. गाडी स्वतःच त्या सुरावर घुमतेय, वरून गाणं पण घुमवलं की सगळा चिखल होतो. उलट त्याच्या वरचा १०० ते २५० चा पट्टा थोडा उचला.

वेळ: उजव्या बाजूला बसता, उजवा स्पीकर जवळ, त्याचा आवाज आधी पोचतो आणि सगळं गाणं उजव्या गुडघ्यावर वाजल्यासारखं वाटतं. टेप घेऊन कानापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. उजवा ९० आणि डावा १३५ सेंटिमीटरवर असेल तर फरक ४५, म्हणजे उजव्याला १.३ मिलिसेकंद उशीर द्यायचा. नीट बसलं की गाणारा डॅशबोर्डच्या मधोमध उभा राहतो. गायकाचा एकट्याचा आवाज असलेलं ओळखीचं गाणं लावून बघा, तबला-पेटीच्या गर्दीत हे कळत नाही.

मग दोन सेटिंग सेव्ह करा. एक गावातली, सपाट. दुसरी हायवेची: १०० ते २५० हर्ट्झ ३ डेसिबल वर, सब २ डेसिबल वर. उभ्या गाडीत ही दुसरी जाड वाटते, पण ती उभ्या गाडीसाठी नाहीच. उभ्या गाडीत एकच सेटिंग छान लावून हायवेला निराश होणं ही ट्युनिंगमधली सगळ्यात मोठी चूक आहे.

टप्पा १०: रोडवरची तपासणी

परत तेच तीन रोड. ओळखीची चार गाणी, हायवे सेटिंग. जिथं पॅड, नंबर प्लेट, मागचा ट्रे कटकटतोय तिथं सोबतच्यानं हात दाबून बघायचं, आवाज थांबला की तिथं फोम.

मग फोनवर गाण्यासकट डेसिबल बघा. अमेरिकेतल्या निऑश ह्या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला ८ तासांची आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. संभाजीनगरहून नागपूरला समृद्धीनं चार तासांच्या पुढं लागतात, तेवढा वेळ ९१ वर ऐकणं म्हणजे कान खर्च करणं आहे. सगळं नीट केलेल्या गाडीत एवढा व्हॉल्यूम लागत नाही, आणि मागून ॲम्ब्युलन्स आली तर तिचा सायरन पण ऐकू येतो.

बिलं जपून ठेवा आणि विमा रिन्यू करताना सिस्टीमची किंमत इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजमध्ये लिहून घ्या, नाहीतर चोरी किंवा अपघातात तिचे पैसे मिळत नाहीत. महिन्याभरानं बॅटरीची टर्मिनलं, फ्यूज होल्डर आणि अर्थचा बोल्ट परत एकदा कसा, रोडच्या दणक्यांनी ते ढिले होतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर पुढच्या दोन्ही बाजूंच्या कार्पेटखाली हात घालून बघा. ओलं लागलं तर त्याच दिवशी पॅड उघडायचं, कार्पेट वाळवायचं आणि शीटचा कुठला कोपरा सुटलाय तो शोधायचा.